शकुंतलेच्या रुळांवर एसटीची बस?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मूर्तिजापूर–अचलपूर आणि मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद लोहमार्गांवरची ‘शकुंतला’ ही रेल्वेगाडी थांबल्यापासून वऱ्हाडात चार माणसे एकत्र बसली की एक सूचना हमखास पुढे येते. आयुर्मान संपलेल्या एसटी बसगाड्यांची रबरी चाके काढावीत, लोखंडी चाके लावावीत आणि त्या या रुळांवर सोडाव्यात. डिझेल वाचेल, गाड्या भंगारात जाणार नाहीत आणि लोकांची सोय होईल. सूचना हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही, कारण जगात असे प्रयोग शंभर वर्षांपासून होत आले आहेत आणि त्यांतले काही चांगले यशस्वीही झाले आहेत. मात्र अवजड वाहनांच्या देखभालीत नोकरीची सारी वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या निवृत्त यंत्र अभियंत्याला या सूचनेतला ‘चाके बदला’ हा शब्दप्रयोग फार खटकतो. रस्त्यावरची गाडी रुळांवर उभी करणे आणि ती तिथे काटकसरीने चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम एखाद्या चांगल्या वर्कशॉपमध्ये होऊ शकते. दुसऱ्यासाठी बसमधले बरेच काही सोडून द्यावे लागते.

आधी बचतीचा हिशेब मांडतो, कारण सगळ्या सूचनेचा पाया तोच आहे. प्रवाशांसह पंधरा टन भरणारी बस सपाट डांबरी रस्त्यावर चालते, तेव्हा तिची रबरी चाके लोळताना सुमारे १२० किलोग्रॅम इतका विरोध होतो. तेच वजन पोलादी चाकांवर आणि पोलादी रुळांवर ठेवले, तर तो विरोध तीसेक किलोवर येतो. रूळ वाकडेतिकडे असतील तर थोडा वाढतो, पण तरीही फरक मोठा राहतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला बसच्या चौकोनी तोंडावर हवेचा दाब साधारण ३५ किलो धरला, तर रस्त्यावर एकूण १५५ आणि रुळांवर ६५ किलो, म्हणजे निम्म्याहून कमी ताकद लागते. वेग ताशी ८० केला की हवेचा विरोध चौपट होऊन १४० किलोच्या आसपास जातो आणि मग बचत जेमतेम एक तृतीयांश उरते. चढ आला की गणित आणखी बिघडते. शंभर मीटरला एक मीटर अशा साध्या चढावर पंधरा टनांची गाडी ओढायला १५० किलो जास्तीचे लागतात आणि त्यात चाक रबराचे की पोलादाचे याने काडीचा फरक पडत नाही. नेरळ–माथेरानच्या वीसास एक चढावर तर हा आकडा ७५० होतो. तिथे पोलादी चाकाची तीस किलोंची मितव्ययिता कोणाच्या लक्षातही येणार नाही. सारांश असा की रुळांचा खरा फायदा सपाट प्रदेशात, मध्यम वेगाला आणि थोड्या थांब्यांवर मिळतो. अचलपूर, दर्यापूरकडची काळी सपाट जमीन पाहता, या कसोटीला वऱ्हाड इतर अनेक ठिकाणांपेक्षा चांगले उतरते, हे मी आनंदाने मान्य करतो.

आता अडचणी पाहू. पहिली अडचण अगदी मोजपट्टीची आहे. शकुंतलेच्या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर आहे. मोठ्या बसच्या मागच्या जोडचाकांपैकी आतल्या दोन टायरांमध्येच सुमारे दीड मीटर अंतर असते, आणि ज्या पाट्यांवर बसचा सांगाडा तोलला जातो ते पाटेही एकमेकांपासून मीटरभर दूर असतात. म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या रुळावर उभे राहणारे चाक पाट्यांच्याही आत, डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दातेचाकांच्या, डब्याला खेटून यावे लागेल. हबवरचे नट काढून नवे चाक आवळण्याची सोय तिथे नाही. संपूर्ण आसच (ॲक्सल) नवा घ्यावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लष्कराने जीपगाड्यांना लोखंडी चाके लावून त्यांच्याकडून डबे ओढून घेतले होते. ते जमले, कारण तिथला मार्ग मीटरगेज होता आणि जीपच्या चाकांमधले अंतर त्याच्या बरेच जवळ होते. बसच्या बाबतीत ब्रॉडगेजवर काही जुळवाजुळव करता येईल, पण अरुंद मार्गावर बसचा आस वाचवता येत नाही.

आस नवाच घ्यायचा म्हटल्यावर तो कसला घ्यावा हा प्रश्न येतो आणि इथेच माझ्या मते या विषयातली सर्वांत रंजक गोष्ट आहे. रस्त्यावरच्या गाडीला वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरावे लागते, म्हणून तिला डिफरन्शियल दिलेले असते. रेल्वेच्या चाकांना तो नसतो. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट ठोकलेली असतात आणि तरीही गाडी वळते, याचे कारण चाकाचा पृष्ठभाग सपाट नसून किंचित उतरता, साधारण वीसास एक, शंकूसारखा घडवलेला असतो. वळणावर जोडी थोडी बाहेर सरकली की बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर चालू लागते, आणि सरळ मार्गावर तीच जोडी आपोआप मधोमध येते. चाकाची कड, जिला पाहून लोकांना वाटते की गाडी हिच्यामुळेच रुळावर राहते, ती खरे तर शेवटची राखण आहे. बसचा डिफरन्शियल तसाच ठेवून खाली कडेची चाके लावली, तर दोन्ही चाके स्वतंत्र फिरतील, मधोमध येण्याची ही सहज क्रिया नाहीशी होईल आणि कड सतत रुळाला घासत राहील. जी ताकद रबर काढून वाचवली, तिच्यातला मोठा भाग असा घासण्यातच जाईल. शिवाय कड झिजेल, रूळ झिजेल आणि आवाज कानठळ्या बसवील. पुढच्या चाकांची तीच कथा. स्टिअरिंग बांधून ठेवणे हा काही उपाय नव्हे, कारण पुढची चाके ज्यांच्याभोवती वळतात त्या किंगपिनांतला थोडासा सैलपणाही रुळावर चाक तिरके ठेवायला पुरतो. तेव्हा पुढचा आसही अखंड हवा.

चाकांचा व्यास हा आणखी एक दुर्लक्षित मुद्दा. बसचा टायर मीटरभर व्यासाचा असतो. त्याच्या जागी ७०० मिलिमीटरचे पोलादी चाक लावले आणि गिअरचे प्रमाण बदलले नाही, तर ताशी ४० किलोमीटरला जे इंजिन मिनिटाला सुमारे १,३०० फेरे घेत होते, ते १,८०० घेऊ लागते. त्यातून मघाचे ६५ किलो म्हणजे जेमतेम दहा अश्वशक्ती. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीचे इंजिन दहा अश्वशक्तीच्या कामाला जुंपून वर त्याला जास्त फिरवायचे, म्हणजे बहुतेक डिझेल इंजिनाच्या स्वतःच्याच घर्षणात जाळायचे. रूपांतरित गाड्यांच्या इंधनाचे आकडे कागदावरच्या हिशेबाहून वाईट निघाले, तर त्याचे कारण पुष्कळदा इथेच सापडेल. आसावरचे दातेप्रमाण बदलून इंजिन सावकाश फिरेल अशी व्यवस्था करणे, किंवा लहान इंजिन घेणे, यांपैकी एक तरी करावेच लागते.

परदेशातले अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या रिओ ग्रांडे सदर्न या डोंगराळ, डबघाईला आलेल्या कंपनीने १९३१ पासून जुन्या ब्यूइक आणि पिअर्स-ॲरो मोटारींपासून सात गाड्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवल्या. मंदीत प्रवासी आणि माल दोन्ही आटले होते, वाफेचे इंजिन आणि त्यावरची माणसे परवडत नव्हती, पण टपाल वाहून नेण्याचे कंत्राट हातचे घालवायचे नव्हते. लोकांनी या गाड्यांचे नाव ‘गॅलपिंग गूज’ म्हणजे दौडणारी बदके असे ठेवले, आणि मागे मालाची पेटी व पुढे मोटारीचे बॉनेट असे त्यांचे ध्यान पाहिले की नाव पटते. परंतु कारागिरांनी गंमत केली नव्हती. तो मार्ग ९१४ मिलिमीटरचा होता. मोटारीचे इंजिन, बॉनेट आणि चालकाची जागा त्यांनी ठेवली, मात्र पुढे इंजिनाखाली मोटारीच्या चाकांऐवजी चार चाकांची छोटी बोगी, म्हणजे वळणारी चाकगाडी, दिली आणि मागे रेल्वेच्या पद्धतीची चाके वापरली. वीस वर्षे त्या गाड्या चालल्या. टपाल गेल्यावर त्यांनी पर्यटक नेले, आणि मार्गच उखडला गेला तेव्हा त्या थांबल्या. बहुतेक गाड्या आजही संग्रहालयांत आणि गावांच्या चौकांत जपून ठेवलेल्या आहेत. आयर्लंडमधल्या डोनेगल परगण्याच्या अरुंद मार्गावर हेन्री फोर्ब्स या व्यवस्थापकाने हेच धोरण त्याहून पद्धतशीरपणे राबवले. सुरुवातीला छोट्या पेट्रोल रेलमोटारी चालवल्या, पण अनुभव येताच स्वतंत्र बांधणीच्या डिझेल मोटारी आणल्या आणि १९३१ मध्ये ब्रिटिश बेटांतली पहिली डिझेल रेलमोटार तिथे धावली. ही कंपनी १९५९ च्या अखेरपर्यंत तग धरून होती.

जर्मनीने तर या विषयाचा जवळजवळ निकालच लावला. युद्धानंतर उर्डिंगेनच्या कारखान्याने १९५० पासून दोन आसांची, हलकी रेलबस बांधली. तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स बसच्या घराण्यातले, आसने बससारखी साधी, पण खालचा सांगाडा, आस, चाके आणि ब्रेक अथपासून इतिपर्यंत रेल्वेचे. सुमारे चौदा टन वजनात साठाच्या आसपास माणसे बसत. वाफेच्या इंजिनामागे दोन डबे जोडले की माणशी वजन याच्या कितीतरी पट पडते, आणि शाखामार्गांवरचा तोटा बव्हंशी या मृत वजनाचा तोटा असतो. ‘शाखामार्गांची तारणहार’ हे बिरुद तिला तिकडच्या लोकांनी दिले ते उगीच नव्हे. याउलट ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात लेलँड नॅशनल बसचा सांगाडा मालडब्याच्या अनुभवावर बेतलेल्या दोन आसांच्या चौकटीवर ठेवून ‘पेसर’ गाड्या काढल्या. त्या स्वस्त पडल्या आणि अनेक शाखामार्ग त्यांनी चालू ठेवले, पण लांब अंतरावरच्या दोन ताठ आसांमुळे वळणांवर त्या किंचाळत आणि जुन्या रुळांवर इतक्या उसळत की प्रवाशांनी त्यांना ‘मान डोलावणारी गाढवे’ म्हटले. त्या २०२१ पर्यंत चालल्या, हे त्यांच्या चिवटपणाचे म्हणायचे की रेल्वेच्या नाइलाजाचे, हे ज्याने त्याने ठरवावे. आपल्या एसटीच्या बसमध्येही दोन आसांतले अंतर साडेपाच मीटरहून जास्त असते, हे इथे ध्यानात ठेवलेले बरे.

जपानमधील २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘दुहेरी’ गाडीची चित्रफीत दाखवून मला दोघा-तिघांनी विचारले की मग हे का नको. शिकोकू बेटावर आसा किनाऱ्याच्या छोट्याशा कंपनीची ही गाडी पंधरा सेकंदांत लोखंडी चाके खाली सोडते; पुढचे टायर उचलले जातात आणि मागचे आतले रबरी टायर रुळांवर टेकून गाडी ढकलतात. यंत्र देखणे आहे. पण ते शक्य झाले, कारण तिथले रूळ १,०६७ मिलिमीटरवर आहेत आणि लहान बसच्या आतल्या टायरांमधले अंतर त्याच्याशी जुळते. आपल्या ७६२ वर ते जुळत नाही. दुसरे असे की रबरी टायरच रूळावर चालत असल्यामुळे आपण ज्या बचतीसाठी हा सगळा खटाटोप करतो, ती यात पुरती हाती लागत नाही. त्या गाडीचे कौतुक बस थेट गावात शिरते याचे आहे, इंधनाचे नव्हे.

ब्रेकविषयी मात्र कोणी बोलत नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. पोलादाचे पोलादावर कमी लोळण-घर्षण हा जो गुण, तोच थांबताना अवगुण होतो. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाणारी बस जोरात ब्रेक दाबला तर बारा-पंधरा मीटरांत थांबते. रुळांवर तीच गाडी साठ मीटर घेईल आणि पहिल्या पावसाने रूळ चिकट झाले असले तर सव्वाशे. शकुंतलेच्या वाटेवर शेतरस्त्यांची फाटके आहेत, बैलगाड्या आहेत, चरायला सोडलेली गुरे आहेत. शिवाय इतकी वर्षे गाडी न आल्यामुळे रूळ म्हणजे चालायची पायवाट, अशी सवय लोकांना लागली आहे. बसचे ड्रम ब्रेक कितीही चांगले असले तरी चाक आणि रूळ यांच्यातल्या पकडीपलीकडे ते जाऊ शकत नाहीत. म्हणून जर्मन रेलबसला रुळावर थेट चिकटणारे विद्युतचुंबकीय ब्रेक दिले होते, आणि रुळावर वाळू सोडण्याची साधी सोयही हवीच. याखेरीज बसला एकच उलटा गिअर असतो. शेवटच्या स्थानकावर गाडी फिरवायला चक्री किंवा रुळांचा त्रिकोण नसेल तर ती परत कशी आणायची? तेव्हा दोन्ही टोकांना चालकाची जागा आणि दोन्ही दिशांना सर्व गिअर देणारी उलटपेटी ही ऐनवेळी सुचण्याची गोष्ट नव्हे, आराखड्याच्या पहिल्या पानावरची आहे.

अरुंद मार्गावर मोटार चालूच शकत नाही, असे मला सुचवायचे नाही. कालका–सिमला मार्ग शकुंतलेइतकाच, ७६२ मिलिमीटरचा आहे आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तिथे रेल मोटर कार धावत आली आहे. ती लहान आहे, बुटकी आहे आणि मुळातच त्या रुळांसाठी घडवलेली आहे. अडीच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच एसटीची बस पाऊण मीटरच्या पायावर उभी करणे ही वेगळी गोष्ट. रस्त्यावर तिचा पाय दोन मीटर पसरलेला असतो. इथे तिची कलंडण्याला तोंड देण्याची क्षमता निम्म्याहून कमी होते. खचलेल्या स्लीपरांवर, छपरावर सामान आणि एका बाजूला दाटीने उभे प्रवासी अशी बस मला तरी पाहवणार नाही.

म्हणून माझी सूचना थोडी वेगळी आहे. जुन्या बसमधले इंजिन, गिअरबॉक्स, आसने, खिडक्या आणि वायरिंग जरूर घ्यावे. हे सुटे भाग ओळखीचे असल्यामुळे दुरुस्तीची चिंता राहत नाही आणि दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्याच्या वर्कशॉपमधल्या कारागिरांचे हात त्यांवर बसलेले आहेत. सांगाडा मात्र नवा, बुटका आणि सव्वादोन मीटरांहून कमी रुंद असावा. इंजिन पुढे बॉनेटखाली न ठेवता दोन आसांच्या मध्ये, जमिनीलगत टांगावे, म्हणजे गुरुत्वमध्य खाली येईल. एकीकडे बोगी आणि दुसरीकडे एक ताठ आस, किंवा दोन्हीकडे बोगी द्यावी. वेग ताशी ३५–४० च्या पुढे नेण्याचा हव्यास नसावा. शकुंतलेला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरसाठी चार तास लागत. तेच अंतर सव्वादोन तासांत कापले तरी वऱ्हाडातल्या कोणाची तक्रार येणार नाही.

या सूचनेवर एक रास्त आक्षेप मला आधीच ऐकू येतो. या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर व्हावे ही जनतेची जुनी मागणी आहे आणि रेलबसचे खेळणे हातात देऊन ती मागणी गुंडाळली जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. भीती अनाठायी नाही. पण रूळ वापरात असले की त्यांची चोरी होत नाही, जमीन अतिक्रमणाखाली जात नाही आणि मार्गावर प्रवासी आहेत याचा पुरावा रोज तयार होतो. बंद मार्गाचे ब्रॉडगेज मागण्यापेक्षा चालू मार्गाचे मागणे सोपे जाते, असे मला वाटते.

यात परवानगीचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. रेल्वेच्या रुळांवर कोणतेही नवे वाहन आणायचे तर लखनौच्या संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेची तपासणी आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मान्यता लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, आणि रेल्वेच्या दबावाखाली त्यांचा निर्णय येऊ नये हाच त्यामागचा हेतू आहे. एखाद्या आमदाराच्या उत्साहाने किंवा एखाद्या वर्कशॉपच्या हौसेने गाडी बनवून ती रुळांवर उतरवता येणार नाही, आणि ते योग्यच आहे.

त्यामुळे गाडीच्या आधी रूळ मोजावेत. मूर्तिजापूरपासून पहिल्या दहा किलोमीटरांवर एक ढकलट्रॉली आणि चार माणसे पाठवून गेजचे अंतर, दोन्ही रुळांच्या उंचीतला फरक, रुळांचे सांधे जोडणाऱ्या फिशप्लेटा आणि कुजलेल्या स्लीपरांची संख्या यांची नोंद घेतली, तर आठवड्याभरात कळेल की रेलबस किती टनांची आणि किती वेगाची चालेल, आणि मग कोणते चाक, कोणता आस, कोणता सांगाडा हे ठरवता येईल. अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना ही मोजणी प्रकल्प म्हणून करता येण्यासारखी आहे. रेल्वेने परवानगी दिली तर माझ्या वयाला झेपेल तितके त्यांच्यासोबत चालायला मी तयार आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त यंत्र अभियंता, अमरावती